सगळ्यात वरची पट्टी

आमच्या स्टाफरूममधल्या दोन पंख्यांपैकी एकच चालायचा. त्याच्याखालच्या दोन खुर्च्यांपैकी एक मी मटकावली होती आणि दुसरीवर साळवे मॅडम कित्येक वर्षांपासून हक्क सांगून होत्या. मी मराठी शिकवतो, त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. एरवी आमच्या कॉलेजात कला आणि विज्ञान शाखेची गाठ पडते ती स्नेहसंमेलनाच्या मीटिंगला, तीही भांडायला. आमची ओळख पंख्याने करून दिली.

पहिल्याच दिवशी मी डबा उघडला. डब्यात पालकाची भाजी होती. मॅडमनी वाकून डब्यात पाहिलं आणि विचारलं, "सर, पालकाचा रंग कुठला?"

नव्या माणसाची फिरकी घेताहेत असं मला वाटलं. मी म्हणालो, "हिरवा."

"बघितलं का, का ठाऊक होतं?"

"मॅडम, डबा समोरच आहे."

"समोर तर हायच. बघितलं का?"

हा प्रश्न पुढे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला की झोपेतही ओळखला असता. त्या दिवशी मात्र मी गोंधळलो, आणि माझा गोंधळ पाहून त्यांना फार बरं वाटलं. जेवण उरकल्याबरोबर त्या मला प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. तिथे मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी पालकाची जुडी आणलेली होतीच. चार पानं त्यांनी खलबत्त्यात वाटली, थोडं अ‍ॅसिटोन घातलं, रस गाळला. मग गाळणकागदाची एक लांबट पट्टी घेऊन तिच्या खालच्या टोकाशी त्या रसाचा ठिपका दिला. तो वाळला की पुन्हा त्याच जागी दुसरा, पुन्हा तिसरा. शेवटी पट्टी एका उंच बरणीत टांगली. बरणीच्या तळाशी थोडा द्रव होता, पट्टीचं टोक त्यात जेमतेम बुडत होतं.

"आता गप बसायचं," त्या म्हणाल्या.

आम्ही गप बसलो. द्रव कागदात वर चढू लागला, ठिपक्यापर्यंत आला आणि ठिपका सुटायला लागला. हिरव्यातून आधी एक पिवळा निघाला आणि कुणाची वाट न पाहता वर पळाला. त्याच्यामागून दुसरा पिवळा, जरा सावकाश. त्यांच्याखाली निळसर हिरवा आणि सगळ्यात शेवटी पोपटी. एका ठिपक्याच्या चार पट्ट्या झाल्या. इतकी वर्षं मी पालक खाल्ला, पण त्याच्या पोटात दोन पिवळे दडून बसलेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"हिरवा दिवसभर मिरवतो," मॅडम म्हणाल्या. "पिवळा त्याच्या मागं उभा असतो, म्हणून दिसत नाही. पान पिकलं की हिरवा मोडतो अन् मग लोक म्हणतात, पान पिवळं झालं. झालं नाही, होतंच."

"मग इतके दिवस तो मागे उभा राहून करतो काय?"

ह्या प्रश्नाने मी त्यांचा कायमचा लाडका झालो. त्या म्हणाल्या, "दोन कामं करतो. हिरव्याला सगळाच उजेड नीट धरता येत नाही. त्याच्या हातून निसटणारा थोडा उजेड पिवळा धरतो आणि हिरव्याच्या हातात देतो. हे झालं एक. दुसरं मे महिन्यात सांगेन."

"मे महिन्यात का?"

"तेव्हा कळंल."

त्यांचा एकूण कारभार असाच होता. दिसायला ठेंगण्या, चालायला भरभर, खांद्याला एक जाडजूड पर्स. पर्समध्ये बारमाही छत्री आणि कुठली कुठली पानं. बोलणं वर्गात प्रमाण मराठीत, पण विषय रंगला की मूळचं पिशोर वर यायचं. त्यांचं माहेर कन्नड तालुक्यातलं पिशोर आणि संसार आमच्यासारखाच चिकलठाण्याच्या एका नव्या सोसायटीत. त्यांचे मिस्टर तिथल्याच कारखान्यात शिफ्टमध्ये काम करायचे. घरं जवळ असल्यामुळे कॉलेजला जाता-येता त्या माझ्या गाडीत असत. जालना रोडवरच्या सगळ्या सिग्नलांचे मी मनापासून आभार मानतो. त्यांच्यामुळे मला बरंच वनस्पतिशास्त्र आलं.

एकदा माझी बायको त्यांना घेऊन गुलमंडीत साडी घ्यायला गेली, मी पिशव्या धरायला. बायकोला पिवळी साडी हवी होती. मॅडमनी दुकानदाराला विचारलं, "ह्यात गाजराकडं जाणारा पिवळा कुठला अन् लिंबाकडं जाणारा कुठला?" उत्तराची वाट न पाहता त्या दोन्ही साड्या घेऊन दुकानाबाहेर उन्हात गेल्या. गिऱ्हाईक माल घेऊन चाललंय असं वाटून दुकानदार मागे धावला.

"ओ बाजी, ओ ताई, साडी लेना है के सूरज को दिखाना है?"

"दोनों," मॅडम म्हणाल्या आणि पदर उन्हाकडे धरून उभ्या राहिल्या.

माझ्या पुतणीच्या हळदीला त्यांनी नवरीच्या मावशीला सांगितलं की हळदीचा पिवळा आणि गाजराचा पिवळा ह्यांचं काही नातं नाही, गोत्रच वेगळं. मावशी स्थळं जुळवणाऱ्या. त्यांनी हे सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. गाजर हलव्याचं तूप केशरी का होतं आणि पाणी का होत नाही, हे मात्र सगळ्याच बायकांनी कान देऊन ऐकलं. गाजराचा रंग तुपात विरघळतो, पाण्यात नाही. त्या दिवसापासून आमच्या घरी हलव्यात तूप जरा जास्तच पडतं आणि दोष विज्ञानाला दिला जातो.

मे महिना आला. परीक्षेची सुपरव्हिजन संपवून आम्ही भर दुपारी पार्किंगमध्ये आलो. सीटला हात लावायची सोय नव्हती. मॅडमनी छत्री उघडली आणि कुंपणाच्या जास्वंदीचं एक पान तोडून माझ्यासमोर धरलं.

"आपण छत्री घेतली. ह्यानं काय घ्यायचं?"

मी म्हणालो, "पानाला तर ऊन हवंच असतं ना?"

"हवं तेवढंच हवं असतं. आत्ता ह्याच्यावर पडतंय ते ह्याला झेपणारं नाही. जास्तीचा उजेड हिरव्याच्या अंगात साठला की आतला प्राणवायू पिसाळतो, सर. आतून पान जाळतो. पिवळा तो जास्तीचा उजेड स्वतःकडं घेतो आणि ऊब करून बाहेर सोडून देतो. त्यातला एक पिवळा तर फक्त दुपारच्या पाळीला येतो. सकाळी तो वेगळ्या रूपात असतो, ऊन चढलं की रूप बदलतो, उतरलं की परत पहिल्यासारखा. आमच्या ह्यांच्यासारखी शिफ्ट ड्युटी. नाव झियाझँथिन."

हे नाव त्यांनी अशा कौतुकाने घेतलं की मी विचारलं, "घरचा आहे का?"

"घरचाच. झिया म्हणजे मका. मक्यात सापडला म्हणून मक्याचं नाव." मग गाडीत बसल्यावर, एसी अजून गरम हवाच फेकत असताना, त्यांनी मला पांढऱ्या मक्याची गोष्ट सांगितली. ती त्यांच्याच शब्दांत सांगायला हवी.

"आमच्या वावरात मका पेरला व्हता. सगळी रोपं हिरवी, अन् मधी एकच पांढरं. पार दुधासारखं. मी लहान व्हते, मला ते लई आवडलं. आई म्हणली, ते जगणार नाय, उपटून टाक. मी नाय उपटलं. उन्हानं बिचारं पांढरं पडलं आसंल म्हणून त्याच्यावर टोपलं पालथं घातलं. रोज जाऊन बघायची. अन् सर, टोपल्याखाली त्याच्या नव्या पानाला हिरवट झाक आली."

"म्हणजे वाचलं?"

"मला बी तसंच वाटलं. म्हणलं आता ह्याला बरं वाटलं, आता ह्याला ऊन पायजे. टोपलं काढलं." त्यांनी एसीची जाळी दुसरीकडे वळवली. "परत पांढरं पडलं. मग वाळलं. मी लई रडले. आईला इचारलं, ऊन तर सगळ्या रोपांला हाय, मग ह्यालाच का? आईला ठाऊक नव्हतं. गुरुजी म्हणले, रोग आसंल."

उत्तर त्यांना एम.एस्सी.ला मिळालं. विद्यापीठाच्या लायब्ररीत वाचताना त्यांना कळलं की मक्यात क्वचित असं रोप निघतं, ज्याच्यात पिवळा बनतच नाही. हिरवा बनतो, पण त्याला राखणारं कुणी नसतं. मंद उजेडात तग धरतो, ऊन लागलं की उडून जातो. त्यांनी पुस्तक मिटलं, थेट बसस्टँड गाठलं आणि पिशोरला जाऊन आईला सगळं समजावून सांगितलं. आई भाकऱ्या थापत होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हंजे टोपलं काढायला नको व्हतं."

"बघा," मॅडम मला म्हणाल्या, "पीएच.डी.च्या परीक्षकालासुद्धा एवढं लवकर कळलं नाही."

आता त्यांच्या प्रॅक्टिकलबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिथेच घडलं. विज्ञान शाखेत जर्नल नावाची वही असते. प्रयोग करायचा, दिसेल ते जर्नलमध्ये लिहायचं, मॅडमची सही घ्यायची. प्रत्यक्षात मुलं आदल्या वर्षीच्या जर्नलमधून निष्कर्ष आधीच उतरवून आणतात आणि प्रयोग मागाहून करतात. चार पट्ट्यांचं चित्र रंगवून तयार असतं, बरणीतला कागद काय म्हणतो ह्याची कुणी चौकशी करत नाही. एका वर्षी मॅडमनी पालकाऐवजी पिकून गळालेल्या पानांचा रस वाटला. त्यात हिरवं काही उरलंच नव्हतं, कागदावर नुसते पिवळे आले. साऱ्या वर्गाने इमानेइतबारे चार पट्ट्या लिहिल्या, दोन हिरव्यांसकट. मॅडम रागावल्या नाहीत. प्रत्येक जर्नलवर लाल शाईने एवढंच लिहिलं, "बघितलं का, का ठाऊक होतं?" आणि सगळ्यांना पुन्हा बोलावलं. तेव्हापासून त्यांच्या सहीला कॉलेजात वजन होतं. साळवे मॅडमची सही म्हणजे मुलाने खरंच पाहिलंय, आणि मॅडमनीही पाहिलंय.

मग तो प्रसंग घडला. मी तिथे नव्हतो, पण मॅडमकडून आणि सुमय्याकडून, दोघींकडून ऐकलाय. सुमय्या शेवटच्या वर्षाला होती, जुन्या शहरातून यायची, बोलायला हळू पण मागे न हटणारी. तिने आपली कागदाची पट्टी वाळायला खिडकीत ठेवली आणि विसरली. दुपारभर तिच्यावर ऊन पडलं. गाजराचा तो रंग कागदावर उघडा पडला की उन्हात टिकत नाही. सगळ्यात वरची पट्टी पार उडून गेली. बाकीच्या फिकट का होईना उरल्या. सुमय्याने जर्नलमध्ये तीनच लिहिल्या. मॅडमनी पट्टी हातात घेतली, पाहिली आणि म्हणाल्या, "चार आहेत की. तीन का लिहिल्यास?"

"मॅडम, वरची नाहीये. धूप में उड गई."

"ही काय," मॅडमनी बोट ठेवलं. "इथं आहे."

बाकीची मुलं माना वर करून बघू लागली. सुमय्या म्हणाली, "मॅडम, तिथं कोरा कागद आहे."

मॅडमनी कागद जवळ घेतला, लांब धरला. मग मान जराशी वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिली. कोपऱ्यातून कागद कोरा दिसला. समोरून पाहिलं की वरची पिवळी पट्टी हजर. त्यांनी पुन्हा समोरून पाहिलं, पुन्हा कोपऱ्यातून. सुमय्या सांगते की मॅडम घाबरलेल्या दिसत नव्हत्या. नवीन झाड सापडल्यावर दिसायच्या तशा दिसत होत्या. मग त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. तीनच."

त्यानंतर त्या स्टाफरूममध्ये आल्या. माझ्यासमोर आलेखाचा कागद ठेवला आणि विचारलं, "सर, ह्या रेघा सरळ हायेत ना?"

"सरळच आहेत."

"नीट बघून सांगा."

मी नीट बघून सांगितलं. त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला, कागदाकडे पाहिलं. मग डावा झाकला. "डाव्यानं वाकड्या दिसतात. उजव्यानं मधोमध काहीच नाही, धुरकट हाय. पण वाचताना तिथं अक्षर दिसतं, कागदावर पट्टी दिसते. म्हणजे दिसत नाय, सर. जे दिसायला पायजे ते मी भरून घेते." त्या खुर्चीत मागे टेकल्या. "सगळ्या पोरांला जन्मभर जे करू नका म्हणलं, ते माझ्याच डोळ्यानं केलं."

मला त्या क्षणी त्यांची भीती वाटली आणि त्यांच्यासाठीही. मी पंखा वाढवला, तो आधीच पूर्ण वेगात होता.

डॉक्टरांनी तेच सांगितलं. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध पीतबिंदू असतो, बारीक वाचायचं, चेहरे ओळखायचं काम त्याचं. तो झिजत चालला होता. कडेचं दिसत राहील, मधलं जात जाईल. गेलेलं परत येणार नाही, पण वेग कमी होईल कदाचित, म्हणून गोळ्या दिल्या. मॅडमनी गोळ्यांच्या डबीवरचं मला वाचायला लावलं आणि मी 'झेंडूच्या फुलांपासून' असं वाचल्यावर त्या हसायलाच लागल्या. डोळ्यातला तो ठिपका पिवळा असतो तो पानातल्याच पिवळ्यामुळे. तो आपल्याला बनवता येत नाही, भाजीतून, मक्यातून खावा लागतो. डोळ्यातही तो तेच करतो, प्रखर उजेडापासून राखण.

"त्यात झियाझँथिनपण हाय," त्या म्हणाल्या. "पिशोरच्या मक्यातला. डोळ्यात बसला व्हता अन् मला म्हैत असून कधी इचार केला नव्हता." मग हसू ओसरलं. "आता मी सही कशी करू?"

एवढाच प्रश्न त्यांना पडला होता. दिसणं जाईल ह्याचं दुःख होतंच, ते त्यांनी माझ्यापासून कधी लपवलं नाही. एकदा गाडीत त्या मोकळेपणी रडल्याही. पण न पाहिलेल्यावर 'पाहिलं' अशी सही करायची नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं. प्राचार्य भले माणूस. म्हणाले, "मॅडम, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत. सह्या करत चला, कोण बघतंय?" मॅडम म्हणाल्या, "तेच तर." आणि राजीनामा लिहायला माझ्याकडे आल्या, कारण मराठीचा माणूस म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडेच यायचं.

मी अर्ज लिहायला टाळाटाळ करत होतो तेवढ्यात दारात सुमय्या आली. हातात जर्नल आणि नवी पट्टी.

"मॅडम, मी परत केला प्रयोग. सही नको. मी सांगते, तुम्ही ऐका."

"सांग."

"वरची पट्टी जर्द्यासारखी आहे."

जर्दा म्हणजे त्यांच्याकडे लग्नात होणारा गोड पिवळा भात. मॅडमनी लगेच विचारलं, "केशराचा जर्दा का रंग टाकलेला?"

"हमारे घर का, मॅडम. रंग टाकलेला."

"कडा कशी आहे?"

"वरून साफ. खालून धुतलेल्या कपड्याचा रंग उतरतो तशी."

"अन् त्याच्या खालची?"

"ती फिकी. मुगाची डाळ, सोललेली."

मॅडम विचारत गेल्या, ती सांगत गेली. मध्येच ती अडखळली, कागदाकडे पुन्हा पाहिलं आणि आधीचं उत्तर बदललं. तेव्हा मॅडमनी हात पुढे केला. "आण जर्नल," आणि माझ्याकडे वळून, "ही बघतीय." मी बोट ठेवून जागा दाखवली आणि त्यांनी सही केली. अर्धा लिहिलेला अर्ज मी चुरगाळून टोपलीत टाकला.

त्यांच्या शेवटच्या वर्षांत ही पद्धतच पडली. जर्नल घेऊन जायचं नाही, पट्टी घेऊन जायचं आणि सांगायचं. पुस्तकातली नावं चालायची नाहीत. पिवळा म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, कुणासारखा पिवळा? कुणी ऊसतोडीच्या गाडीचा दिवा म्हणायचं, कुणी पिकलेली लिंबोळी. खोटं दोन प्रश्नांत उघडं पडायचं. मुलं म्हणायची की दिसत होतं तेव्हाच्या मॅडम परवडल्या.

निवृत्तीनंतर त्या पिशोरला राहायला जाणार होत्या. शेवटच्या प्रॅक्टिकलला त्यांनी मला बोलावलं. मुलं गेली होती, बरणीत एक पट्टी टांगलेली होती. एव्हाना मला त्या आवाजावरून ओळखायच्या आणि बोलताना माझ्या कानाकडे बघायच्या, कारण कडेनेच काय ते दिसायचं.

"सर, आज तुम्ही सांगा. काय दिसतंय?"

इतक्या वर्षांचा माझा अनुभव. मी पट्टी बाहेर काढली आणि म्हणालो, "चार पट्ट्या. वर गाजराचा पिवळा, खाली दुसरा पिवळा, मग दोन हिरवे."

"बघितलं का, का ठाऊक होतं?"

मी खिडकीशी गेलो आणि नीट पाहिलं. वरच्या दोन पिवळ्यांच्या मध्ये एक अंधुक रेघ होती, चुलीतल्या राखेच्या रंगाची. इतकी पुसट की मी ती आधी सरळ ओलांडून गेलो होतो. "मॅडम, मध्ये एक करडी आहे. पाच झाल्या."

त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे पालक शिळा व्हता. हिरव्यातलं मॅग्नेशियम निसटलं की त्याचा करडा होतो. कुठं हाय, दाखवा."

मी त्यांचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. त्यांनी मान वळवली, पट्टी डोळ्याच्या कोपऱ्यात धरली, थोडी वर, थोडी खाली. बराच वेळ.

"हां," त्या म्हणाल्या.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "बघितली, मॅडम, का ठाऊक होती?"

त्या हसल्या. बोट अजून कागदावर तसंच होतं.

"ठाऊक होती," त्या म्हणाल्या. "बघितली तुम्ही."

मग त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली, पर्समधली छत्री चाचपून काढली आणि बाहेर ऊन आहे का ते मला विचारलं.